मोडेम गेला, राउटर उरला

टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट घेणाऱ्या घरांत, शाळांत आणि कचेऱ्यांत एक चपटे खोके असायचे. पुढे हिरव्या दिव्यांची रांग, मागे टेलिफोनच्या वायरीसाठी एक बारीक खाच, तिच्या शेजारी थोड्या मोठ्या चार खाचा आणि बहुतेक वेळा एखादी अँटेना. गावात फायबर आले किंवा घरातला तारेचा फोनच काढून टाकला, की हे खोके कपाटात जाते आणि तिथून भंगारात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठेही पाहा, हीच गत. त्याला कोणी मोडेम म्हणते, कोणी राउटर, कोणी नुसतेच ‘वायफाय’. आमच्या मते या नावांच्या गोंधळातच त्याच्या भंगारात जाण्याचे कारण आहे. ‘मोडेम आता चालत नाही’ असे आपण म्हणतो, आणि ते खरेही असते. पण त्या खोक्यात मोडेमशिवाय आणखी तीन-चार यंत्रे असतात, आणि ती ठणठणीत असतात.

ही यंत्रे एकाच खोक्यात कशी आली? त्यांचा जन्म वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून झाला. तो इतिहास कळला की त्यांना पुन्हा वेगळे करणे अवघड राहत नाही.

आवाजाच्या तारेवर आकडे

टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी टाकलेली होती. बोलणे समजण्यासाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्या वारंवारता पुरतात, म्हणून टेलिफोन यंत्रणा तेवढ्याच पुढे पाठवत असे. संगणकाची भाषा मात्र शून्य आणि एक यांची. ती या तारेवर थेट चढवली तर पलीकडे काही नीट पोचत नाही. तेव्हा शून्यासाठी एक सूर आणि एकासाठी दुसरा सूर असे ठरवून संगणकाला ‘गायला’ लावायचे आणि पलीकडे ते सूर ओळखून पुन्हा शून्य-एक करायचे, हा उपाय निघाला. सुरांवर माहिती चढवणे म्हणजे मॉड्युलेशन आणि ती उतरवून घेणे म्हणजे डीमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची टोके जोडून ‘मोडेम’ हा शब्द तयार झाला.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ साली आणलेला ‘बेल १०३’ मोडेम या जातीचा प्रसिद्ध नमुना. फोन लावणारी बाजू १०७० आणि १२७० हर्ट्झचे सूर वापरी, उत्तर देणारी बाजू २०२५ आणि २२२५ हर्ट्झचे. चारही सूर ३०० ते ३४०० च्या आत बसतात, आणि दोन्ही बाजूंचे सूर वेगळे असल्याने एकाच वेळी दोन्हीकडून बोलता येते. वेग होता सेकंदाला ३०० बिट. आज मराठी मजकुराचे २००० अक्षरचिन्हांचे पान साठवायला सुमारे ६००० बाइट, म्हणजे ४८,००० बिट लागतात. ते या वेगाने पाठवायला १६० सेकंद, अडीच मिनिटांहून जास्त. हे गणित आठवीच्या वर्गात सहज घालता येईल.

त्या काळी अमेरिकेतही टेलिफोनच्या तारेला आपले यंत्र परस्पर जोडायची मुभा नव्हती. म्हणून फोनचा रिसीव्हरच रबरी वाट्यांत उलटा ठेवायचा आणि मोडेमने त्यात आवाज करायचा, अशी तऱ्हा होती. १९६८ सालच्या ‘कार्टरफोन’ निकालाने ही आडकाठी दूर झाली. १९८१ मध्ये हेज कंपनीचा ‘स्मार्टमोडेम’ आला. नंबर फिरवणे, फोन उचलणे, ठेवणे ही कामे संगणकाच्या हुकमाने होऊ लागली. पुढे वेग ९६०० वर गेला आणि १९९८ मध्ये सेकंदाला ५६,००० बिट हे प्रमाण ठरले. त्यापलीकडे आवाजाच्या वाटेने जाणे शक्यच नव्हते.

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात मुंबईत झाली. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ‘एर्नेट’ हा शिक्षण व संशोधन संस्थांना जोडणारा प्रकल्प हाती घेतला. जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईचे आयआयटी यांच्यात मोडेमवरून फोन लावून पत्रांची देवघेव सुरू झाली. १९८९ मध्ये जुहूहून अमेरिकेपर्यंत ९६०० बिट वेगाची तार भाड्याने घेतली गेली. एवढ्याशा वाटेवरून देशातल्या मोठमोठ्या संस्थांची पत्रे जात-येत होती.

उस्मानाबादसारख्या (आताच्या धाराशिवच्या) जिल्हा मुख्यालयांत आकड्यांची वाहतूक आधी पोचली ती फोनच्या तारेने नव्हे, तर आकाशातून. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने १९८०च्या दशकाच्या अखेरीस जिल्हा मुख्यालयांना उपग्रहामार्फत जोडणारे ‘निकनेट’ उभारले. सामान्य माणसासाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून, आणि तेही चार महानगरांत. इथल्या माणसाने मोडेम घेतला असता तरी एसटीडी करून मुंबई गाठावी लागली असती, आणि मिनिटागणिक पैसे पडले असते. मोडेम जगभर पाहिजे तिथे फोन लावू शकतो. त्या फोनचे बिल कोण भरणार, हा प्रश्न मोडेमच्या हातातला नाही.

वाट दाखवणारे यंत्र

आता दुसऱ्या यंत्राकडे वळू. त्यासाठी थोडे मागे, म्हणजे दोन हजार वर्षे मागे आणि धाराशिवपासून फार तर तासाभराच्या वाटेवर जाऊ.

तेर हे गाव प्राचीन काळी ‘तगर’ नावाने ओळखले जाई. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासपुस्तिकेत तगरचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि पैठणपासून पूर्वेस दहा दिवसांवर तगर. या गावांचा माल, तगरचे कापड त्यात मुख्य, गाड्यांत घालून अवघड वाटांनी भडोचला नेत आणि तिथून तो जहाजाने पश्चिमेकडे जाई.

या वाटेवर दोन वेगळी कामे होत असली पाहिजेत. भडोचच्या धक्क्यावर माल गाडीतून उतरून जहाजात चढतो. कापड तेच, वाहन बदलले. हे मोडेमचे काम. पैठणसारख्या चौफुलीच्या गावी मात्र वाहन बदलत नाही. कोणती गाडी कोणत्या रस्त्याने जायची एवढेच ठरते. हे राउटरचे काम. पहिल्याला रस्त्यांची माहिती लागत नाही, दुसऱ्याला जहाज कसे हाकतात हे कळावे लागत नाही. (ही उपमा आमची आहे, पेरिप्लसकर्त्याला तिचा दोष देऊ नये.)

टेलिफोनचे एक्स्चेंजही वाट ठरवतेच. पुण्याहून ०२४७२ फिरवले की फोन उस्मानाबादला, ०२४७१ फिरवले की तुळजापूरला. पण तिथे दोघे बोलत असेपर्यंत सगळी वाट त्या दोघांसाठी राखून ठेवलेली असते. ते गप्प बसले तरी ती अडलेलीच. संगणकांचे बोलणे तुटक असते. क्षणभर भरपूर, मग बराच वेळ काहीच नाही. म्हणून १९६०च्या दशकात निराळी कल्पना पुढे आली. निरोपाचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येकावर पत्ता लिहायचा आणि प्रत्येक नाक्यावर पत्ता वाचून तुकडा पुढे ढकलायचा. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात.

१९६९ मध्ये अमेरिकेत ‘अर्पानेट’ सुरू झाले, तेव्हा नाक्यावर बसणारे यंत्र होते ‘इम्प’. हनीवेल कंपनीचा एक संगणक बदलून बीबीएन या कंपनीने ते तयार केले. फ्रिजएवढे आकारमान आणि वजन चारशे किलोच्या घरात. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिसहून ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायचा होता, पण पहिली दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक कोलमडला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या मांडणीत इम्प वेगळा आणि त्याला भाड्याच्या तारेशी जोडणारा मोडेम वेगळा होता. म्हणजे जन्मापासून ही दोन यंत्रे शेजारी असली तरी एक नव्हती.

१९८०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात वेगवेगळ्या इमारतींतली जाळी एकमेकांना जोडणारे राउटर बनले. १९८४ मध्ये तिथल्याच लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर यांनी सिस्को ही कंपनी काढली. राउटर विकत मिळू लागला खरा, पण विद्यापीठांना, बँकांना, टेलिफोन कंपन्यांना. घरात राउटर हवा असे म्हणणाऱ्याला तेव्हा लोक हसले असते. एका घरात एक संगणक, त्याला एक वायर. नाका कशाला?

दोघांचा संसार

राउटर घरात शिरला तो पत्त्यांच्या टंचाईमुळे. इंटरनेटवरच्या प्रत्येक यंत्राला एक क्रमांक लागतो. जुन्या पद्धतीत तो ३२ बिटांचा, म्हणजे एकूण ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ क्रमांक. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे पुरणार नाहीत असे दिसू लागले. (२०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठा खरोखरच संपला.) १९९४ मध्ये एक तोडगा सुचवला गेला, त्याला ‘नॅट’ म्हणतात. बाहेरच्या जगाला घराचा एकच क्रमांक दिसतो, आत मात्र कितीही यंत्रे खासगी क्रमांकांनी राहतात. १९९६ मध्ये अशा खासगी क्रमांकांच्या राखीव मालिका ठरल्या. त्यांपैकी १९२.१६८ ने सुरू होणारी मालिका बहुतेक घरांत आढळते. तिच्यात ६५,५३६ क्रमांक आहेत आणि ते जगातले प्रत्येक घर पुन्हापुन्हा वापरू शकते.

हे चालते कसे? शाळेच्या पत्त्यावर येणारी सगळी पत्रे आधी कार्यालयात येतात. सातवी ‘ब’ मधल्या मुलीने पत्र पाठवले, तर लिपिक पाकिटावर शाळेचा पत्ता घालतो आणि जावक नोंदवहीत ‘अमुक क्रमांक, सातवी ब’ असे लिहून ठेवतो. उत्तर आले की नोंदवही पाहून ते त्या वर्गात पाठवतो. नॅटची नोंदवही अशीच असते, फक्त सेकंदाला हजारो नोंदींची. यात एक आपोआप मिळालेला फायदा आहे. ज्या पत्राची नोंद नाही ते आत कोणाला द्यायचे हे लिपिकाला कळत नाही, म्हणून ते तिथेच पडते. घरातल्या यंत्रांना बाहेरच्या आगंतुकांपासून त्यामुळे थोडे संरक्षण मिळते.

याच सुमारास मोडेमही बदलला. तांब्याची तार आवाजापेक्षा कितीतरी वरच्या वारंवारता वाहू शकते, फक्त आजवर कोणी त्या वापरल्या नव्हत्या. एडीएसएल पद्धतीत तारेचे पट्टे पाडले गेले. ४.३१२५ किलोहर्ट्झचा एक, असे २५६ पट्टे. गुणाकार करून पाहा, ११०४ किलोहर्ट्झ येतात. खालचे काही आवाजासाठी मोकळे, मग थोडे पाठवण्यासाठी, उरलेले बहुतेक घेण्यासाठी. फोनवर बोलता बोलता इंटरनेट चालू शकले ते या वाटणीमुळे. फोनच्या वायरीला लावलेली ती छोटी पांढरी डबी, स्प्लिटर, आवाज आणि आकडे निरनिराळे करायची. अडचण एकच. वारंवारता जितकी वरची तितकी ती तारेत लवकर विरते. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटरच्या पुढे फारसे काही उरत नाही. गावात एक्स्चेंज असले तरी शेतातल्या वस्तीवर ब्रॉडबँड का मिळत नव्हते याचे उत्तर या भौतिकशास्त्रात आहे, कोणाच्या आळसात नाही. निदान दर वेळी तरी नाही.

भारताचे ब्रॉडबँड धोरण २००४ साली आले. सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड, अशी त्यात व्याख्या होती. २००५ च्या जानेवारीत भारत संचार निगमने एडीएसएल सेवा सुरू केली. सुरुवातीच्या जोडण्यांत अनेकदा हे खोके फक्त मोडेम म्हणून लावले जाई. नाव आणि पासवर्ड संगणकावर टाकायचा, जोडणी संगणकाने करायची, खोक्याने फक्त सूर बदलायचे. आतला राउटर झोपलेला असे. मग घरात दुसरा संगणक आला, पाठोपाठ वायफायचे फोन आले आणि त्याला उठवावे लागले. गंमत पाहा, त्या वेळी ‘याला नुसता मोडेम कसा करायचा’ हे लोकांना माहीत होते. आज आपण विचारतो आहोत त्याच्या बरोबर उलट.

एकाच खोक्यात सगळे घालण्यात कंपन्यांची सोय होती. एक अॅडॉप्टर, एक वायर, तक्रार आली तर बघायला एकच वस्तू. १९९९ नंतर वायरलेसचे भाग स्वस्त झाले, तेही आत गेले. अशा रीतीने खोक्यात पाच यंत्रे नांदू लागली: तारेशी बोलणारा मोडेम, वाट दाखवणारा आणि नोंदवही ठेवणारा राउटर, चार खाचा जोडणारा स्विच, वायफायचा रेडिओ, आणि येणाऱ्या प्रत्येक यंत्राला क्रमांक वाटणारा डीएचसीपी नावाचा कारकून.

फायबरने केलेली फारकत

२०११ मध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने मंजुरी दिली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. २०१६ मध्ये स्वस्त मोबाइल इंटरनेट आले आणि अनेक घरांनी तारेचा फोनच सोडला. फायबरमध्ये सूर नाहीत, विजेचे वहन नाही, प्रकाश आहे. घरी येणारा प्रकाश १.४९ मायक्रोमीटर तरंगलांबीचा आणि घरून जाणारा १.३१ मायक्रोमीटरचा. दोन्ही डोळ्यांना न दिसणारे. (म्हणूनच फायबरच्या मोकळ्या टोकात डोकावू नये, हे मुलांना बजावून सांगावे.) प्रकाशाचे विजेत रूपांतर करणारी नवी पेटी आली आणि जुन्या खोक्यातला मोडेम बेकार झाला. बाकीच्या चौघांना काहीच झाले नव्हते. नव्या पेटीतही राउटर आणि वायफाय आहेच, म्हणजे जुना संसार मोडून नवा मांडला गेला तोही एकत्रच.

मग जुने खोके कशाला? शाळेच्या इमारती पाहिल्या की उत्तर मिळते. नवी पेटी मुख्याध्यापकांच्या खोलीत. मधे दगडी किंवा स्लॅबच्या दोन-तीन भिंती, वर लोखंडी पत्रे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पलीकडच्या वर्गात पोचेपर्यंत मरतात. पेटीपासून त्या वर्गापर्यंत एक लॅनची वायर ओढली (शंभर मीटरपर्यंत चालते) आणि तिथे जुने खोके लावले, की वर्गात वायफाय येते.

खोके मागच्या बारीक छिद्रात टाचणी दहा-पंधरा सेकंद दाबून मूळ स्थितीत आणावे. संगणकाला लॅनच्या वायरीने जोडून ब्राउझरमध्ये त्याचा क्रमांक टाकावा. तो खाली चिकटवलेल्या कागदावर असतो, बहुधा १९२.१६८.१.१. (इथे देवनागरीत छापला असला तरी टाइप करताना इंग्रजी आकडेच हवेत.) सेटिंगचे पान उघडले की पहिल्यांदा खोक्याचा पासवर्ड बदलावा. हे आम्ही उगीच आधी सांगत नाही. २०१७ च्या जुलैमध्ये भारतात भारत संचार निगमच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका घातक प्रोग्रॅमने निकामी केले. कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता, म्हणून तो आत शिरू शकला. मग वायफायला नाव द्यावे आणि सुरक्षेत ‘डब्ल्यूपीए२’ निवडावे. ‘डब्ल्यूईपी’ ही जुनी पद्धत २००१ मध्येच फोडली गेली आहे. खोक्यात तीच एक असेल तर त्याचे वायफाय बंद ठेवून फक्त खाचा वापराव्यात.

पुढची दोन कामे बहुधा एकाच पानावर होतात, आणि बहुतेकांची गाडी इथेच अडते. एका जाळ्यात क्रमांक वाटणारे दोन कारकून नकोत. एकाच वर्गात दोन शिक्षक हजेरीचे क्रमांक देऊ लागले तर काय होईल? म्हणून जुन्या खोक्यातला डीएचसीपी बंद करावा आणि क्रमांक वाटायचे काम नव्या पेटीवर सोडावे. तसेच दोघांचा स्वतःचा क्रमांक एकच असून चालत नाही. नव्या पेटीचा १९२.१६८.१.१ असेल तर जुन्याला १९२.१६८.१.२ द्यावा, आणि नवी पेटी हा क्रमांक दुसऱ्या कोणाला वाटत नाही याची तिच्या सेटिंगमध्ये खात्री करावी. यानंतर नव्या पेटीची लॅनची खाच आणि जुन्याची लॅनचीच खाच जोडावी. टेलिफोनची बारीक खाच रिकामी राहते.

नीट पाहिले तर या मांडणीत जुने खोके राउटरचेही काम करत नाही. फक्त स्विच आणि रेडिओ एवढेच जागे आहेत. त्याला खरोखर राउटर करायचे तर बाहेरून येणारी वायर आपल्याच जाळ्यातली नसून ‘बाहेरची’ आहे हे त्याला कळले पाहिजे. मोडेम-राउटरला बाहेरचे दार एकच ठाऊक असते, टेलिफोनचे. मात्र काही खोक्यांच्या सेटिंगमध्ये लॅनची एक खाच ‘ईथरनेट वॅन’ म्हणून बाहेरचे दार करता येते. तसे असेल तर आतल्या जाळ्याला १९२.१६८.२.१ असा निराळा क्रमांक द्यावा आणि डीएचसीपी चालू ठेवावा. शाळेत याचा चांगला उपयोग आहे, पण दिशा चुकवू नये. आतली यंत्रे बाहेरच्या जाळ्यातल्या यंत्रांपर्यंत पोचू शकतात, बाहेरची आत सहसा येऊ शकत नाहीत. म्हणून निकालपत्रके आणि पगारबिले असलेला कार्यालयाचा संगणक आत ठेवावा, मुलांची यंत्रे बाहेर. बहुतेकजण हे उलटे करतात.

खोक्यात अशी सोय नसेल तर आतला प्रोग्रॅमच बदलण्याचीही एक वाट आहे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस कंपनीचा ‘डब्ल्यूआरटी५४जी’ हा राउटर बाजारात आला. त्याच्या आत लिनक्स असल्याचे काही जाणकारांनी ओळखले. लिनक्सच्या परवान्याप्रमाणे त्याचा मूळ मजकूर खुला करणे कंपनीला भाग होते, आणि २००३ मध्ये तो खुला झाला. त्यातून २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा सर्वांसाठी मोफत असलेला राउटरचा प्रोग्रॅम उभा राहिला. पुष्कळ खोक्यांत त्याला एडीएसएलचा भाग चालवता येत नाही, कारण त्या चिपची माहिती कंपन्यांनी दिली नाही. आपल्याला तो भाग नकोच आहे. खरी अडचण निराळी आहे. स्वस्त खोक्यांची स्मृती इतकी तोकडी असते की आजचा ओपनडब्ल्यूआरटी त्यात मावत नाही. आधी आपला नमुना त्यांच्या यादीत पाहावा. अर्धवट माहितीवर हे करू गेल्यास खोके कायमचे बंद पडू शकते.

जुन्या खोक्याकडून वेगाची अपेक्षा किती ठेवावी? खाचा सेकंदाला १०० मेगाबिटच्या. जुन्या वायफायवर ५४ छापलेले असले तरी प्रत्यक्षात वीसच्या आसपास मिळतात, आणि ते सगळ्यांत वाटले जातात. खोके बारा व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरवर चालत असेल तर सहा वॉट घेते, म्हणजे वर्षभर अखंड चालू ठेवल्यास सुमारे ५३ युनिट. शाळा सुटल्यावर बटण बंद करणे बरे. अॅडॉप्टर बदलायची वेळ आली तर व्होल्ट आधी वाचावेत; नऊ व्होल्टच्या खोक्याला बारा लावले तर ते जळू शकते.

आता सगळ्यांत साधी आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाची मांडणी. शाळेत इंटरनेट नाहीच, किंवा आठवड्यातले तीन दिवस नसते. तरी खोके लावता येते. नव्या पेटीला जोडायचेच नाही, डीएचसीपी बंद करायचा नाही, क्रमांक बदलायचा नाही. खोक्याला वीज दिली की त्याच्याभोवती जाळे तयार होते, कारण जाळे बनवायला बाहेरचे जग लागत नाही. एका जुन्या संगणकाला वायरीने जोडून त्यावर ‘किविक्स’ हा मोफत प्रोग्रॅम टाकावा. विकिपीडिया साठवून ठेवून इंटरनेटविना वाचता यावा म्हणून तो २००७ मध्ये तयार झाला. जिथे इंटरनेट मिळेल तिथून मराठी विकिपीडियाची फाइल एकदाच उतरवून आणायची. मग वर्गातला कोणताही फोन किंवा टॅब वायफायने जोडून ब्राउझरमध्ये त्या संगणकाचा क्रमांक टाकला की लेख उघडतो. वीस-पंचवीस मुले एकाच वेळी वाचत असली तरी मजकुराला हा वेग पुरून उरतो. वीज गेली आणि खोके बारा व्होल्टचे असेल, तर बारा व्होल्टची छोटी पॉवर बँक त्याला काही तास चालवते. संगणकाच्या जागी लॅपटॉप असला म्हणजे झाले.

यात एक अडचण हमखास येते. फोन या वायफायला जोडला की थोड्या वेळाने ‘इंटरनेट उपलब्ध नाही’ असे सांगतो आणि गुपचूप मोबाइल डेटाकडे वळतो. लेख उघडेनासा होतो. फोन विचारेल तेव्हा ‘तरीही जोडलेले राहा’ हा पर्याय निवडावा, किंवा तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद करावा. ‘वायफाय आहे, मग इंटरनेट कसे नाही?’ असे मुले विचारतात ती याच वेळी.